पट

आरोग्य केंद्राच्या बाकावर
माझ्या एका बाजूला दीड महिन्याचा कुणी शेटकर,
दुसऱ्या बाजूला दुपट्यातलं गाठोडं, नाव आग्नेल,
मध्ये मी, वय चौपन्न,
निवृत्तीला अजून सहा वर्षं.

आवेलिना सिस्टर माझ्या कार्डावर लिहिते, पहिला डोस.
घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला.
गोवराची इतक्यात नाही, ती जिवंत असते,
तिला दोन वर्षं थांबायचं.
"बाय, रडपाचें ना हां," म्हणते,
आणि आग्नेलची आई हसावं की नाही ते ठरवत राहते.

हे सगळं मला एकदा येत होतं.
कपाळावर कांजिण्यांचा वण आहे.
गोवरात आईने खिडकीला काळं लुगडं लावलं होतं,
ते मला आठवतं. रक्ताला नाही.
औषधांनी फळा असा पुसला
की कोपऱ्यातली तारीखसुद्धा राहिली नाही.

मग रोहिदासच्या पेशी आल्या,
गोठवलेल्या, एका पिशवीत,
पातळ कोकमाच्या सारासारख्या.
खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास.
सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी मोजण्याइतक्या झाल्या.
माझा बी गट गेला, त्याचा ओ आला,
आणि जन्मभर तिसऱ्यांवर ताव मारलेली मी
आता एका तिसरीने ओठ सुजवून बसते,
अगदी त्याच्यासारखी.

भाऊ घरात आला की भांडणारच.
तळहातांवर पुरळ, डोळ्यांत वाळू.
"थोडं भांडू दे," डॉक्टर म्हणाले,
"कुठे काही लपून राहिलं असेल
तर तेच शोधून काढतील."

छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते.
नव्या पेशी तिथे शिकतात
आपलं कोण, परकं कोण.
मूलपणी ती भरलेली असते, मग आटत जाते.
डॉक्टर कागदावर चित्र काढत होते
आणि मला आमची चोडणची शाळा दिसत होती:
चार खोल्या, तिघींना कुलूप,
पट अकरा,
दर जूनला खात्याचं पत्र, बंद का करू नये.
मी मे महिन्यात उन्हातून दारोदार जायची,
तुमचा धाकटा द्या, म्हणायची.
माझ्या आत आता कुणी फिरायचं?

नऊ महिने झाले.
जत्रा नाही, मासळीबाजार नाही,
दही नाही, अबोलीचा वळेसर नाही,
कुंडीतली माती उकरायची नाही.
फेरीबोटीत मास्क लावून कठड्यापाशी एकटी.
मुलं शनिवारी येतात, तुळशीपलीकडे उभी राहतात,
तेराचा पाढा ओरडून म्हणतात.
शेंबडा दत्तप्रसाद स्वतःच मागे, गेटपाशी थांबतो.
त्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही.
त्याचं तेरा सत्ते चुकतं. मी खिडकीतून सुधारते.

रोहिदास खाजनात मानशीची दारं सांभाळतो,
भरतीला बंद, ओहोटीला मोकळी.
मी विचारलं होतं, अजून किती दिवस?
तो म्हणाला, बांध फुटून खारं पाणी शिरलं
की आम्ही शेताला विचारत नाही.
पाऊस मीठ धुतो. एका पावसात धुतलं जात नाही.
घाई करणाऱ्याचं बी जातं.
मग म्हणाला, मी शेताचं सांगतोय, तुझं नाही.

गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला.
शिकून बाहेर पडलेल्या पेशी: एकशे सत्त्याऐंशी.
कमीच आहेत, डॉक्टर म्हणाले, दोनशेही नाहीत.
मी मान हलवली.
एवढा पट आमच्या शाळेचा कधीच नव्हता.

सुई टोचली. आग्नेल रडला, माझ्या आधी.

रात्री दंड सुजला, लाल, गरम.
अडीचला ओहोटी, म्हणजे तो जागाच असणार.
फोनमध्ये त्याच्यामागे पाणी वाजत होतं.
"दुखता?"
"दुखता."
"बरें मगे," म्हणाला,
आणि फोन चालूच ठेवून
दुसरं दार उचलायला गेला.