प्राधान्य एकशे दहा

उदगीर, सरकारी दवाखाना. रात्रीचे दोन दहा.
जिन्याखालच्या खोलीत दोन स्विच, एकावर एक.
वरचा दर तीन सेकंदांनी म्हणतो, आहे.
खालचा ऐकतो. त्याचं काम तेवढंच.

वरच्याची वायर उपसली.
पिंगच्या ओळी थबकल्या. सात, आठ, नऊ
आणि खालच्यानं तोच पत्ता आपला म्हणून सांगितला.
रक्तपेढीत अनसूया सिस्टर बी निगेटिव्ह शोधत होत्या,
शोधतच राहिल्या.
मुनीरभाई दारातून डोकावले, "काय करूलालास?"
"एकाला मारून बघूलालो."

आता वरचा परत आला, तर जागा त्याची का?
केरबा सरांनी विचारलं नसतं,
नुसते आकडे टाकले असते:
वरच्याला एकशे दहा, खालच्याला शंभर.
ते मार्चपासून लातूरला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस.
त्यांच्या खुर्चीत मी बसत नाही, स्टूल ओढतो.
पासवर्ड अजून त्यांच्याच बांधावरच्या लिंबाचा.

आकडे टाकले. परत आल्यावर जागा त्याचीच, असंही लिहिलं.
फक्त आल्या आल्या नको,
दोन मिनिटं थांब.
शेजारपाजार ओळखू दे आधी.

वायर लावली.
दिवा बराच वेळ नारंगी होता.
मी स्टुलावर.