तेवीस किलो

सोसायटीच्या काट्यावर आज माझी बॅग टांगली.
एकोणीस किलो आठशे.
केवळराम म्हणाला, "बाप्पा, गाभोळी भरल्या कतल्याएवढी!"
आणि सवयीनं वहीत उतरवलं:
नान्हे, रतिराम. दराचा रकाना तेवढा रिकामा.

बॅगेला आता रोहूचा वास.
असू दे. तिथं ओळख पटायला बरं.

"कुठं म्हणाला?" "हंगेरी."
"हे कोणत्या जिल्ह्यात येते?"
मीही मागच्या पौषापर्यंत हेच विचारलं असतं.
मामा तलावावर सारस पाहायला आलेला तो ताडमाड माणूस, इश्त्वान,
सारस सोडून दुपारभर माझ्या गळाकडं बघत बसला.
बांबूची काडी, लाखोळीच्या पिठाची गोळी,
आणि पाळीवर अकरा किलोचा कतला.
त्यानं टोपी काढली.
मला की माशाला, ते कळलं नाही.
मग एक दिवस तिकीटच आलं.

पडताळणीला पोलीस आला.
"धंदा?" "मासे धरतो."
"परदेशात कायले चाल्ला?" "मासे धराले."
"मंग इथले सरले का?"
चहा प्याला, आणि जाताना
पावभर झिंगे नेले, इथले सरले नाहीत याची खात्री म्हणून.

नागपुरात, काचेच्या खोलीत,
मशीन माझी बोटं घेईना.
एकदा, दोनदा, फडक्यानं पुसून पुन्हा.
पोरगी म्हणाली, "काका, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत."
तिला काय सांगणार,
चाळीस वर्षं दोरी ओढता ओढता
त्या तलावात गेल्या म्हणून.
शेवटी डावी करंगळी चालली,
जिच्यानं मी कधी काही धरलं नाही.

पुतण्यानं मोबाइलवर तिथली रीत दाखवली.
मासा काढतात आणि गादीवर निजवतात.
गादी आधी ओली करतात.
गळ रुतला तिथं औषध लावतात.
वजन, फोटो,
मग पाण्यात दोन्ही हातांवर घेऊन थांबतात
त्याला दम येईपर्यंत,
आणि सोडून देतात.

पंचफुला लसूण सोलत होती.
"सोडाले? इतक्या दूर जाऊन, सोडाले?"
पदर तोंडावर घेऊन हसली, कितीतरी वेळ.
मग गप्प झाली. मग म्हणाली,
"माह्या बाळंतपणात कुठं होती गादी?"

जावयाचं जाकीट घेतलं. कानटोपी घेतली.
जवसाची ढेप, मोहफुलं पुतण्यानं बाहेर काढली,
खायच्या वस्तू चालत नाहीत म्हणे.
"माह्या नाही रे, माशाच्या खायच्या."
तरी काढली.

आता गळ टाकायचं मला कोणी शिकवू नये.
पण सोडायचं?
त्याचा सराव हवा.
काल पहाटे जुनी गोधडी घेऊन गेलो,
तलावात भिजवली, पाळीवर अंथरली.
तीनेक किलोचा रोहू लागला.
ओठाला हळद लावली. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.
कमरेएवढ्या पाण्यात उतरलो,
हातांवर मासा, कल्ले उघडताहेत, मिटताहेत,
आणि हात काही उघडेनात.
त्यांना कुठं ठाऊक ही रीत?
बाप शिकवून गेला होता: शेपटीच्या मुळाशी आवळ, मग जीव गेला तरी सोडू नको.
कुणाचा जीव, ते बोलला नव्हता.
पलीकडं देवधानात पाणकोंबडी ओरडली
आणि हात हलके झाले.
मी सोडला की तो निसटला,
अजूनही सांगता येत नाही.

पाळीवर केवळराम, सायकल धरून, वही उघडून.
"किती लिहू?"
मी पाण्याकडं बघत राहिलो.
त्यानंही मग पेन खिशाला लावला.

गोधडी दिवसभर दोरीवर वाळली.
पंचफुलानं मला काही विचारलं नाही.
आता, सारं भरून झाल्यावर,
ओली राहिली का म्हणून दोनदा हात फिरवला तिनं,
घडी केली, आणि जाकीट बाजूला सारून
बॅगेच्या तळाशी दाबून बसवली.
"तिथल्या गादीचा काय भरोसा."

उद्या पुन्हा काट्यावर जावं लागेल.