मुक्कामी गाडी

रात्री नऊला संगूचा फोन येतो, उल्महून.
तिकडं तेव्हा साडेपाच, खिडकीत ऊन.
इकडं उदगीरला लाईट गेलेली,
आणि हे मोबाईलच्या उजेडात
पोरीच्याच जुन्या वहीत लिहून घेतात:

घर-गाडी. लांबी सात मीटर.
झोपायला चार जण. शेगडी दोन बर्नरची.
पाण्याची टाकी शंभर लिटर.
संडासाची पेटी...
इथं पेन थांबतं.
"ती कोण रिकामी करायची गं?"
"हे करतील की, पप्पा."
"जावयाला कसं सांगायचं," म्हणतात,
आणि त्यापुढं स्वतःचं नाव लिहितात.

बत्तीस वर्षं यांनी उदगीर डेपोची गाडी चालवली.
बिदरला दिवसातून दोनदा
परराज्यात जाऊन आले, पासपोर्टाशिवाय.
सीमा यांना कानानं कळते.
कमालनगरच्या अलीकडं डांबराचा आवाज बदलतो,
मग मैलाच्या दगडावरची अक्षरं
एकदम गोल होतात, हातावर थापल्यासारखी.

"ऑस्ट्रियात शिरलं की अक्षरं बदलतात का?"
"नाही पप्पा, लिपी तीच. भाषापण तीच."
"मग कळायचं कसं, दुसऱ्या देशात आलाव म्हणून?"
संगू जरा गप्प.
"काचेला टोलचं स्टिकर लावायचं, दहा दिवसांचं.
अन् फोनला मेसेज येतो."
हे मान हलवतात. पटलेलं नसतं.
सीमेवर निदान चहाची टपरी पाहिजे,
असं यांचं म्हणणं.

गाडी साडेतीन टनाच्या वर गेली की दंड.
हे ऐकून मात्र यांना बरं वाटलं.
दंड समजतो यांना.
दुसऱ्या दिवशी मोंढ्यात, धनुऱ्यांच्या आडतीवर,
तुरीच्या पोत्यांमागं आम्ही नंबर लावला.
बॅग: चोवीस किलो दोनशे.
"जवारीचं पीठ काढ."
मी यांचा स्वेटर काढला, पीठ राहू दिलं.
"आता तू बी उभी राहा."
हमाल हसायले. मी चपला काढून
काट्यावर चढले, देवळात चढावं तशी.
छप्पन्न. वहीत गेलं.
स्वतःचं यांनी लिहिलं नाही.

पहाटे गच्चीवर खुर्ची टाकून बसतात.
डावा हात मांडीवर, उजव्या हातानं
हवेतला गिअर पाडतात.
"तिकडं सगळं उलटं असतंय."
गाडी तर संगूच चालवणार.
यांचं लायसन मागच्या श्रावणात संपलं.
कपाटात साड्यांखाली सापडलं मला.
यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

न विचारण्याची मला सवय आहे.
बत्तीस वर्षांतल्या निम्म्या रात्री
हे मुक्कामी गाडीवर.
हाणेगाव, मुखेड, कधी औराद.
गाडी पाराजवळ लावायची,
मागच्या लांब सीटवर चादर टाकायची,
उन्हाळ्यात कंडक्टर टपावर.
मी इथं. दाराला आतून कडी, उशाला बॅटरी,
पोटाशी संगू.
सकाळी डबा परत यायचा, लख्ख धुतलेला.
कुणी धुतला, ते मी कधी विचारलं नाही.

काल वहीच्या शेवटच्या पानावर
यांनी पट्टी घेऊन रेघा मारल्या.
मुक्काम पहिला: फ्युसेन, सीमेच्या अलीकडं.
मुक्काम दुसरा: तळं आहे.
मुक्काम तिसरा: नाव वाचता येईना.
पुढं डेपोच्या सवयीनं दोन रकाने.
चालक: संगमेश्वरी.
वाहक: सौ. मथुरा मन्मथ बिरादार.
"अन् तुम्ही?"
"मी काय, प्रवासी.
ज्येष्ठ नागरिक. हाफ तिकीट."

मी आत गेले. बॅगेची चेन उघडली,
पिठाच्या कडेला
भांड्याच्या साबणाची वडी सरकवली.
शंभर ग्रॅम.
धनुऱ्यांचा काटा एवढं दाखवत नाही.