वीस काड्या

काडेपेटी टेबलावर ओतली. मोजून वीस काड्या.
"एकेक उचलून परत पेटीत ठेव, लिमी.
घाई नाही."
म्हणाले खरी, पण घड्याळ माझ्या मुठीतच होतं.

पहिली गेली.
दुसरी पेटीच्या कडेपाशी अडखळली,
अंधारात कुलूप शोधणाऱ्या किल्लीसारखी.
तिसरी पडली.
चौथीच्या वेळी तिने डाव्या हाताने
स्वतःचंच उजवं मनगट धरलं,
चोराचं धरावं तसं.

चार वर्षं ही बाई माझ्या दवाखान्यात येते आहे.
पहिल्या वर्षी मी मलेरिया लिहिला.
इथे काहीही झालं की आधी मलेरियाच लिहितात.
दुसऱ्या वर्षी अशक्तपणा, लोहाच्या गोळ्या.
तिसऱ्या वर्षी सासू म्हणाली, चोरून पोंबे पिते,
आणि मी कार्डाच्या कोपऱ्यात तेही लिहिलं,
पुढे एक प्रश्नचिन्ह टाकून.
ते प्रश्नचिन्ह अजून तिथेच आहे.
त्याचा गळ माझ्याच घशात रुतलाय.

झोप? नाही.
तोंडाची चव? जुन्या नाण्यासारखी.
लाळ? सकाळी उशी ओली असते.
तोंडाला पाणी सुटतं म्हणतात ते भुकेने.
हिच्या तोंडाला नुसतंच सुटतं.
राग?
लिमी गप्प. थोरली काबुला दाराशी उभी होती, ती म्हणाली,
"मीठ सांडलं तरी ओरडते, मग कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन रडते."
पारा चढणं म्हणतात ते
इतकं शब्दशः मी कधी ऐकलं नव्हतं.

खड्ड्यात उतरणारे पुरुष हसतात मला.
त्यांना दरड ठाऊक. दरडीला आवाज असतो,
गाव धावतं, नावं पुकारतात.
लिमी कधी खड्ड्यात उतरलीच नाही.
ती दुकानात बसते, सोनं तोलते, वहीत लिहिते.
मागच्या खोलीत कढई,
कढईत लिंबाएवढा करडा गोळा,
त्यावर ज्योत.
धुराला वास नाही. गोळा हळूहळू पिवळा होतो.
त्या खोलीतच, पाठीवरच्या कांगात,
तिची तिन्ही मुलं झोपायला शिकली.

मी बोट नाकाला लावायला सांगितलं. गालाला लागलं.
हिरड्यांवर टॉर्च मारला, निळसर रेघ, की माझाच भास?
टॉर्चचे सेल संपत आले होते.
"वह्या आणू का?" तिने विचारलं.
कसल्या वह्या?

दुकानाच्या. पाच होत्या, केरोसीनचा वास असलेल्या.
पहिलीत अक्षर शाळेतल्या बक्षिसासारखं,
सातचा आकडा ताठ, ग्रॅमपुढचा टिंब जागच्या जागी.
तिसरीत ओळी उताराला लागल्या.
पाचवीत सात म्हणजे वाऱ्यातलं गवत.
तिने चौथीचं एक पान उघडून त्यावर बोट ठेवलं,
बोट हलत होतं, पान नाही.
"इथून," म्हणाली. "काबुला सातवीत गेली तो महिना."

म्हणजे तिला माहीत होतं.
मी मलेरिया लिहीत होते तेव्हाही.

बाटली म्वान्झाच्या बसने गेली,
माशांच्या बर्फात खोचून.
सहा आठवड्यांनी कागद आला:
मर्यादेपेक्षा जास्त, पण फार नाही. लक्षणांशी ताडून पाहावे.
मी पाचही वह्या कागदाशेजारी मांडल्या आणि ताडून पाहिलं.
मग कार्डावर लिहिलं: झेबाकी. पारा. जुनं.
निदान एवढं तरी माझ्या हातून सरळ अक्षरात.

"औषध?"
"त्या खोलीत जाऊ नकोस."
यावर ती हसली, पहिल्यांदाच,
आणि मला तिच्या हिरड्या नीट दिसल्या.

जाताना काबुलाने टेबलावरच्या उरलेल्या काड्या
भराभर पेटीत भरल्या. नऊ सेकंद. मी नकळत मोजले.
"ही नेऊ का?" लिमी म्हणाली, "घरातली संपलीय.
पेटवायला लागेल."

काय पेटवायला, ते मी विचारलं नाही.