सहावा मसुदा

पहिल्यात मी लिहिलं : पाच जण गेले.
साहेबांनी ‘गेले’ खोडून ‘बाधित’ केलं.
वकिलाने फोनवरून ‘पाच’ काढलं, ‘काही’ घातलं.
स्फोटाची झाली ‘तांत्रिक घटना’,
आणि तळाशी ‘परिस्थिती नियंत्रणात’,
लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’ असतं तसं.

एसीत दोनदा चहा आला.
खिडकीखाली बुटीबोरीचं मे महिन्यातलं ऊन,
फाटकाशी दुपट्टे गुंडाळलेली माणसं,
एकीच्या हातात अजून गरम डबा.

चारला पाळी सुटली.
सायकल-स्टँडवरून एकेक सायकल निघत गेली,
मग निघेनाशी झाली.
उरल्या पाच.
एकीच्या कॅरियरला सुतळीने बांधलेलं
कूलरचं नवं गवत.
फाटकापलीकडे कुणी काही विचारलं नाही.
नुसतं मोजलं.

सहावा मसुदा घेऊन मी खाली उतरले तेव्हा
चौकीतला शालिकराम उइके, टोपी काखेत धरून,
डबेवालीला सांगत होता,
‘माय, वाट नोको पाहू आता. तुया घरचा माणूस राह्यला नाई.
मीनंच चढवलं त्याले गाडीत.
मेडिकलले चाल, मी येतो संगं.’

ती मटकन खाली बसली.
तो उन्हाच्या बाजूने उभा राहिला,
सावली तिच्यावर पडेल असा.

माझ्या हातात लेटरहेड, जावक क्रमांक,
चार परिच्छेद.
‘माय’ कुठेच बसत नव्हतं.

संध्याकाळी पत्रक सगळीकडे गेलं.
शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

अनधिकृत माहिती दिल्याबद्दल
उइकेला नोटीस निघाली सोमवारी.
तीही मीच लिहिली.
पहिलाच मसुदा मंजूर झाला.