साडेतीन छड्या

डॉक्टर म्हणाले, तुमचा खांदा
तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा आहे,
जड काही फेकू नका.
म्हणून आज माळ्यावरून सगळ्या खाली आणल्या,
चौदा छड्या, कापडी पिशव्यांतून जेवणाच्या टेबलावर.
पावाची परडी खुर्चीवर गेली.
नवीन घराला एकच भिंत मोकळी आहे.

आठ नंबरची आधी बाजूला.
हिवाळ्यातल्या थोराड माशांसाठी घेतली होती,
तीन हंगाम बर्फात उभी राहून बोटं सुजवली,
एकही लागला नाही.
तिच्यावर राग नाही, पण तिला पाहूनच खांदा ठणकतो.
यूरे नेईल. वीस वर्षांचा आहे,
दोर लांब फेकण्याचं त्याला वेड.
मासा बहुतेक वेळा आपल्या पायापाशीच असतो
हे मी त्याला सांगितलेलं नाही.
कळेल.

नऊ फुटी, पाच नंबरची राहणार.
काळी, कारखान्यातून आलेली, हजारांतली एक.
पाहुण्यांच्या हाती दिली, पावसात विसरले,
एकदा गाडीच्या टपावर तशीच ठेवून
पोडब्रदोपर्यंत गेले.
सांगेल तिथे पिसांची माशी टेकवते,
वारा असला तरी, मी चिडलेली असले तरी.
आवडती म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.
मिठाला कोण आवडतं म्हणतं?

पिवळी, काचतंतूंची, जेमतेम सात फूट.
बाचा नदीच्या वरच्या अंगाला
बीचची झाडं पाण्यावर ओणवलेली,
मागे हात न्यायला वाव नाही,
तिथे ही.
घाई केली की ऐकत नाही, मऊ पडते, दोर गुंतवते.
थांबावं लागतं, एक श्वास,
मग आणखी अर्धा,
आणि मनगट आपोआप पुढे जातं.
लग्नात मला हे जमलं नव्हतं.

तिसरीपाशी अडले.
चार नंबरच्या दोन होत्या.
एकीचं टोक गाडीच्या दारात मोडलेलं,
स्टानेने लाल दोरा गुंडाळून जोडून दिलेलं,
दोन बोटं आखूड.
स्टाने आता नाही.
दुसरी महागडी, एका ऑस्ट्रियन बाईने
जाताना माझ्या हातात कोंबली होती.
दोन्ही घेऊन ओसरीत गेले, रिकाम्याच हलवून पाहिल्या,
शेजारच्या कोंबड्या दोनदा उडाल्या.
मलाही वाटलं होतं, मोडकी ठेवीन.
नाही ठेवली.
महागडी खरंच चांगली आहे,
ठिपक्याठिपक्यांचा वीतभर मासा लागला तरी
त्याच्या शेपटीची थरथर कोपरापर्यंत पोचवते.
स्टानेला हे पटलं असतं,
आधी दोन शिव्या घालून.

आणि मग वडिलांची.
बांबूची, सहा चिरा एकमेकींना चिकटवलेल्या,
मधाच्या रंगाची, दोन तुकड्यांची.
अंत्यविधीनंतर लुडविकने टोकाचा तुकडा उचलला,
मी मुठीचा.
कोणी कोणाला विचारलं नाही.
अकरा वर्षं दोघांकडे अर्धी अर्धी.
कॉर्कवर वडिलांच्या अंगठ्याचा खळगा आहे,
माझा अंगठा त्यात बसत नाही, सैल पडतो.
तरी दर एप्रिलला, हंगाम उघडायच्या आदल्या रात्री,
मी सांध्याच्या धातूला मेण लावते.
जोडायला समोर काही नसतं.
लावते.

यूरेने भिंतीवर चार खुंट्या ठोकल्या.
म्हणाला, मिलोय्का काकू, ही वरपर्यंत पोचतच नाही.
खालून लाकडाचा ठोकळा दे, म्हटलं.
त्याने मोजल्या: साडेतीन.
हसला, मग हसायचं थांबला.

लुडविक गुरुवारी सरपण टाकायला येतो.
बूट दाराबाहेर काढतो,
हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलतो,
खिडकीकडे तोंड करून कॉफी पितो.
या गुरुवारी
त्याची खुर्ची मी फिरवून ठेवली आहे.