ओली काडी

बँडचं नाव ओली काडी.
स्ट्रुअनला सुचलं, डंडीच्या गोदीवर,
टे नदीच्या वाऱ्यात बारावी काडी विझल्यावर.
सिगारेट ओठांत तशीच राहिली.

सराव तागाच्या बंद गिरणीत.
भिंतींना अजून देवमाशाच्या तेलाचा वास.
सूर तीनच होते आमच्याकडे, त्यातला एक उसना.
मी ड्रम वाजवायचे
म्हणजे कुणाशी तरी भांडायचे
आणि दीड मिनिटात मिटवायचे.
लॉर्नच्या गिटारची एक तार कायम तुटलेली.
नवी घ्यायला पैसे नाहीत, असं सांगायचो.
होते.
पण तुटकी शोभत होती.

स्ट्रुअनची आई, एफी मकराय,
बत्तीस वर्षं त्याच गिरणीत, मागांवर.
मागांनी तिचे कान खाल्ले.
तिथल्या साऱ्याच बाया ओठ वाचून गप्पा मारायच्या,
ओठांवरच हसायच्या.
दर शुक्रवारी ती यायची, कोट न काढता,
स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवून उभी राहायची,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
बुटांतून चढायचं म्हणे तिला सगळं, पोटऱ्यांपर्यंत.
शब्द?
शब्द कुणालाच कळत नव्हते.
स्ट्रुअन माइक गिळूनच गायचा.

मग लंडनहून पिअर्स आला, मऊ बुटांचा.
म्हणाला, गाणी आहेत तुमच्याकडे,
फक्त गोंगाटाखाली गाडली गेलीत.
त्याने ती उकरली, धुतली,
भांग पाडून खुर्चीवर बसवली.
माझ्या कानात टिकटिक घातली.
पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे पळत होते,
चौथ्या दिवशी मागोमाग, शहाण्या कुत्र्यासारखी.
नावातलं 'ओली' काढलं.
ओली काडी दुकानात कोण घेतं?

मीही सही केली. सांगून टाकते.
वर त्याचं बिस्कीट खाल्लं.
भाडं थकलं होतं, व्हॅनचा सायलेन्सर दोरीने बांधलेला,
आणि खरं म्हणजे
टेप ऐकून अंगावर काटा आला होता माझ्या.
चांगलं झालं होतं हो ते.
हेच तर दुखतं.

गोदीच्या भिंतीवर कुणीतरी रंगवलं : विकले गेले.
शुद्धलेखन चुकलेलं,
अक्षर लॉर्नचं.

ग्लासगो. मोठं सभागृह, खुर्च्यांना नंबर.
एफी पहिल्या रांगेत, कोट घडी करून मांडीवर.
पायाखाली गालिचा, घोटे बुडतील असा.
माइक स्ट्रुअनच्या तोंडापासून वीतभर लांब,
एकेक अक्षर सोललेलं.
मी ड्रममागून बघत होते :
त्याच्या ओठांमागे तिचे ओठ हलत होते.
तिसऱ्या गाण्यात थांबले.

ते गाणं तिचं होतं.
पहाटेचा भोंगा, डब्यातला गार बटाटा,
पोराने मारलेली हाक न ऐकता
चढावरून पुढे निघून गेलेली बाई.
पाच वर्षं तिच्या तळव्याखाली वाजलं ते.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा एक ठोका चुकला.
पिअर्सने नंतर टेपमधून तो काढून टाकला.

आत आली ती. स्ट्रुअनने तिच्याकडे तोंड केलं,
सावकाश ओठ हलवत विचारलं, कसं वाटलं?
ती त्याची नवी कॉलर चिमटीत धरून बघत राहिली.
मग म्हणाली, गिरणीतल्या सारखी, मोठ्याने :
"शब्द बरे आहेत रे.
पाय मात्र गार पडले."

परतताना नव्या व्हॅनमध्ये कुणी बोललं नाही.
पर्थ मागे पडलं.
ती माझ्या शेजारी, काचेला डोकं टेकून.
मी टाचेने पत्र्यावर ठोका धरला,
जुना, घाईचा, टिकटिकीच्या पुढे पळणारा.
तिने डोळे उघडले नाहीत.
वाकली,
आणि बुटांचे बंद सोडू लागली.